तिसरा पक्ष

फेब्रुवारीत बागडांनी दोन कागद समोर ठेवले,
भांडी बाजारातल्या माझ्या दुकानात,
तांब्याच्या घंगाळावर कोपर टेकून.
हा साडेतीन हजारांचा. हा साडेअकराचा.
मी गिऱ्हाईक करत होतो.
म्हटलं, कायद्याला पुरेल तेवढं द्या.

आठ हजार वाचले.
त्यात सुनेत्राचा चष्मा झाला,
शटरला नवी स्प्रिंग आली,
आणि एक मिसळ, जी मी
शहाण्या माणसासारखी सावकाश खाल्ली.

पहिला पक्ष मी. दुसरा पक्ष कंपनी.
तिसरा म्हणजे उरलेलं सगळं जग:
द्वारकेवर आडवा येणारा रिक्षावाला,
मुंबई नाक्याला सिग्नल तोडणारं पोरगं,
अनोळखी गुडघा, बँकेची भिंत,
उसाच्या रसाची हातगाडी.
मी धडकलो तर त्यांचं भरून निघणार होतं.
साडेतीन हजारांत
साऱ्या नाशिकची काळजी घेत होतो मी,
एक माणूस सोडून.

ऑगस्टच्या शेवटी धरणातून पाणी सोडलं.
भोंगा वाजला म्हणतात.
मी पातेल्याला कल्हई लावत होतो, भाता चालू होता.
गाडी गाडगे महाराज पुलाखाली,
नेहमीच्या जागी.

आमच्याकडे पूर घड्याळासारखा विचारतात.
मारुतीच्या कुठवर?
दोनला घोट्याला. तीनला गुडघ्याला.
मी पळत पोचलो तेव्हा दुतोंड्याच्या कमरेला होतं
आणि माझी वॅगनआर
चाकं न फिरवता चालू लागली होती.
पाणी वायरींत शिरलं असावं,
दोन्हीकडचे इंडिकेटर लुकलुकत होते,
डावीकडे वळू की उजवीकडे,
अशी विचारत विचारत ती खांबाला जाऊन टेकली.
मी उतरणारच होतो.
फुलवाल्या गोदूबाईनं मागून शर्ट धरला,
बटण तुटलं, तिनं सोडला नाही.

बागड फोनवर म्हणाले,
आत बसून गेला असतात तर पंधरा लाख होते.
मालक-चालक, सक्तीचे. कागदावर आहेत.
मग खोकले.
गाडीचं काही नाही.
मी म्हटलं, अहो, नदीनं धडक दिली.
ते म्हणाले, नदीवर क्लेम लागत नाही.
तुम्ही तिला धडकला असतात
तर काहीतरी बघितलं असतं.

हमीदभाईंनी बॉनेट उघडलं.
एअर फिल्टरपाशी एक द्रोण अडकलेला,
आतली वात अजून तेलकट.
कुणाचा तरी नवस माझ्या इंजिनात येऊन विझला होता.
चावी फिरवलीत का?
फिरवली.
त्यांनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट.
मग फिरवायला नको होती, शेठ.
ब्याण्णव हजार.

वडनेऱ्यांची गाडी माझ्या शेजारीच उभी असायची.
तेवढाच चिखल, तेवढीच शेवाळाची वास मारणारी सीटं.
त्यांच्याकडे सर्व्हेअर आला,
पँट दुमडून, चारी बाजूंनी फोटो काढले.
वडनेऱ्यांनी मला मोबाइलवर दाखवले, चांगल्या मनानं.
तिसऱ्या फोटोत, डाव्या कडेला,
माझा बंपर आलाय.
माझी गाडी कंपनीपर्यंत पोचली ती एवढीच,
दुसऱ्याच्या फायलीत,
चुकून.

आता पुन्हा फेब्रुवारी.
बागड पुन्हा घंगाळावर टेकलेत,
घंगाळ अजून विकलं गेलेलं नाही.
तेच दोन कागद, आकडे थोडे वाढलेले.
हमीदभाईंचे एकसष्ट हजार अजून द्यायचेत,
म्हणजे जो कागद मला हवा
तो आता मागच्या वर्षीपेक्षा महाग आहे,
आणि जो परवडतो
त्यात मी नाही.
मी पेन शोधतोय, खिशात, गल्ल्यात,
कानावर असलेलं.
सुनेत्रानं काही न बोलता चष्मा काढला
आणि टेबलावर ठेवला,
दोन कागदांच्या बरोबर मधे.